एकशे वीस वजा त्रेचाळीस

मे महिना. गोळीबार चौकात दुपारी कुत्रंसुद्धा दिसत नाही.
कूलरमध्ये वाळा भिजतोय
आणि मशीन हळूहळू ओकतंय वीस बाय दहाचा फ्लेक्स:
हिंगणा रोडचं कॉलेज,
निळ्या आभाळाखाली अठरा चेहरे,
प्रत्येकाच्या हनुवटीखाली त्याचं पॅकेज.
शंभर टक्के प्लेसमेंट.
त्यातलं शंभर मीच एवढं मोठं केलं.
डायरेक्टर साहेब फोनवर म्हणत होते,
अजून जाड करा, पराते, रिंग रोडवरून दिसलं पाहिजे.

बाप मागावर बसायचा, मी मशीनवर बसतो.
मला जे कळतं ते चौरस फुटात कळतं
किंवा नगांत.

म्हणून मृणालीनं त्या कॉलेजचा फॉर्म समोर ठेवला
तेव्हा मी माहितीपुस्तिका उघडली नाही,
बिलबुकं काढली.
चार वर्षांमागची ऑर्डर: आयडी कार्डं, दोरीसकट, एकशे वीस.
यंदाच्या मार्चातली, त्याच बॅचची:
पदवी ठेवायच्या लाल फाइली, सोनेरी अक्षरांत, त्रेचाळीस.
हस्ताक्षर माझंच. दोन्ही बिलं चुकती झालेली.

पोरीनं वजाबाकी केली.
"बाबा, मग सत्त्याहत्तर कुठं गेले?"
काय सांगू.
त्यांचं काही छापायची ऑर्डर
कोणी दिलीच नाही.

मग ती कॅल्क्युलेटर घेऊन बसली.
फी एक लाख अठरा, विकास निधी चौदा,
बस बावीस,
परीक्षा आणि ब्लेझर मिळून सहा.
(नागपुरात ब्लेझर! पंचेचाळीस डिग्रीत!
तिची आई पहिल्यांदा हसली, मग गप्प झाली.)
चार वर्षांचे सहा लाख चाळीस हजार.
बँकेचा हप्ता, सात वर्षं, दहा हजार आठशे.

आणि पगार?
पगाराचा आकडा परवा स्वतःच्या पायानं आला दुकानात.
फ्लेक्सवरचा दुसऱ्या ओळीतला डावीकडून चौथा,
चेतन धकाते, पॅकेज चार लाख वीस हजार.
हेल्मेट काढलं, घाम पुसला, म्हणाला,
"काकाजी, तेवढा माझा फोटो काढून टाका जी.
घरमालक भाडं वाढवून राहिला.
मामा उधार मागून राहिले.
पाहुणे येऊन गेले पोरगी घेऊन,
अन् मी बुटीबोरीत साडेतेरा हजारावर,
तेही ठेकेदाराच्या हातून."
मी विचारलं, कॉलेजात काहून नाही सांगत?
म्हणाला, "मार्कशीट अडकली आहे त्यांच्याकडे."

साडेतेरातून हप्ता गेला की सत्तावीसशे.
मृणालीनं तो आकडा लिहिला
आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या,
शाळेत उत्तराखाली मारायची तशा.

सदरचं सरकारी पॉलिटेक्निक दोन टक्क्यांनी हुकलंय तिचं.
दुसरी फेरी बाकी आहे.
मैत्रिणी हिंगणा रोडलाच जाताहेत,
हे ती बोलत नाही, मोबाइल उलटा ठेवते.
मीही म्हणालो नाही, जाऊ नको.
ज्या बोर्डाला भुलू नको म्हणायचं
तो माझ्याच मशीनवरून उतरतो,
तिच्या दहावीच्या ट्यूशनची फी त्यातूनच गेली.

चेतनला मी पुसून टाकला.
अर्ध्या तासात मेसेज: ती जागा रिकामी नको,
कोणताही चेहरा भरा, तीनच्या आत.
कोणताही.
डेस्कटॉपवर, फॉर्मसाठी कालच काढलेली,
मृणालीची फाइल होती. पांढरा बॅकग्राउंड, दोन वेण्या,
फोटोत हसू नकोस म्हटलेलं म्हणून घट्ट ओठ.
बाण तिच्यावरून एकदा गेला.

मी फाइल तशीच राहू दिली.
बाजूचं थोडं निळं आभाळ उचललं,
त्या चौकोनात ओढलं, कडा मिटवल्या.
आता सतरा.
बिल मात्र केलं
पूर्ण दोनशे चौरस फुटांचं.